पहिली कोंबडी आणण्याआधी : परसातल्या कोंबड्या आणि रोगट पक्षी ओळखण्याची रीत

एप्रिल संपत आला होता. आमच्या परसात तेव्हा १४ कोंबड्या होत्या, सगळ्या घरच्याच उबवणीच्या. आठवडी बाजारात सहा तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, स्वस्तात मिळाल्या म्हणून आणल्या आणि त्याच संध्याकाळी बाकीच्यांबरोबर खुराड्यात कोंडल्या. चौथ्या दिवशी नव्यांतली एक पंख पाडून कोपऱ्यात बसली. सहाव्या दिवशी घरच्या एका कोंबडीची मान पिळल्यासारखी पाठीकडे वळली. दाणा टिपायला जायची आणि चोच दाण्याच्या शेजारी आपटायची. पाठोपाठ हिरवी पातळ हगवण सुरू झाली. पंधरा दिवसांत २० पैकी तीन उरल्या. शेजारच्या दोन घरांतल्याही गेल्या, आणि त्यांनी तर बाजारातून काहीच आणलं नव्हतं. त्याचं वाईट मला आजही वाटतं.

हीच मानमोडी, म्हणजे रानीखेत. तेव्हापासून कोणी नव्याने कोंबड्या पाळतो म्हणालं की मी खाद्यापेक्षा आणि जातीपेक्षा खरेदीबद्दल जास्त बोलते. परसातल्या कोंबड्यांचे बरेचसे मोठे रोग आपणच पैसे मोजून, डालग्यात घालून घरी आणतो. मी कोकणातली, त्यामुळे उदाहरणं इकडची आहेत. पण देशावर आणि विदर्भातही हीच रीत चालेल, फक्त पावसाचा हिशेब वेगळा.

आधी खुराडं, मग कोंबडी

कोंबड्या आणून डालग्याखाली ठेवायच्या आणि मग खुराडं बांधायला घ्यायचं, असं करू नका. मुंगूस एका रात्रीत सगळा हिशेब संपवतं. सुरुवातीला ८ ते १० कोंबड्या पुष्कळ झाल्या. दिवसभर मोकळ्या फिरणार असतील तर रात्रीपुरती एकीला दोन चौरस फूट जागा धरा. जमीन आजूबाजूपेक्षा हातभर उंच हवी. चिऱ्याचा चौथरा असेल तर उत्तम. जाळी अर्ध्या इंचाची घ्या, मोठ्या भोकांतून मुंगूस, घूस आणि साप आत येतात. आत जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर बांबूची आडवी काठी बांधा. कोंबडी रात्री उंचावर बसते आणि विष्ठेपासून दूर राहते. पाच कोंबड्यांमागे अंड्यासाठी एक पेटी किंवा गवताची टोपली पुरते. दार पावसाच्या तोंडाला नको.

आणि दुसरं, जे बहुतेक जण विसरतात : घराच्या दुसऱ्या बाजूला एक छोटी वेगळी जागा. मांगर, रिकामा गोठा, जाळी मारलेलं जुनं कपाट, काहीही चालेल. ते कशासाठी हे पुढे येईलच, पण ते तयार नसेल तर बाजारात जाऊ नका.

कोणत्या कोंबड्या

गावठी कोंबडी वर्षाला ६० ते ८० अंडी देते, पण खुडूक बसते, म्हणजे अंडी उबवते, पिल्लं सांभाळते, घार दिसली की ओरडून सगळ्यांना सावध करते. हैदराबादच्या संस्थेने तयार केलेली वनराज किंवा बंगळुरूची गिरिराज अंगाने भरदार होते आणि अंडीही जास्त देते, मात्र ती खुडूक बसण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही. म्हणजे पिल्लं दर वेळी विकत आणावी लागतात, आणि प्रत्येक खरेदी हा धोका आहे. म्हणून माझा सल्ला असा की निम्म्या तरी गावठी ठेवा. एकदा कळप जमला की पुढची पिढी खुडूक कोंबडीखाली १० ते १२ अंडी ठेवून २१ दिवसांत घरातच तयार होते.

कडकनाथचं नाव घेऊन काळ्या पिसांची कुठलीही कोंबडी विकली जाते. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून मागणी वाढली आणि फसवणूकही. खऱ्या कडकनाथचा तुरा, कातडी, पाय आणि जीभसुद्धा काळसर असते. चोच उघडून जीभ बघायला कोणी नाही म्हणत असेल तर पुढे चला.

रस्त्यावर टोपलीत गुलाबी-हिरव्या रंगात रंगवलेली पिल्लं दिसतात ना? ती बहुतेक अंड्यांच्या जातीची नर पिल्लं असतात, उबवणी केंद्राला नको झालेली. उपाशी, तहानलेली, ऊब नसलेली. मुलं हट्ट करतात हे खरं, पण त्यातली फार थोडी जगतात आणि जी मरतात ती पोरांच्या हातात मरतात.

कुठून आणायच्या

पहिला पर्याय म्हणजे शासनाची उबवणी केंद्रं. पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत. पिल्लं आगाऊ नोंदणीने मिळतात, म्हणून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी चौकशी करा. दुसरा पर्याय म्हणजे ओळखीचं घर, जिथे तुम्ही स्वतः जाऊन कळप बघू शकता. हा मला सगळ्यात आवडतो. कोंबडी विकणाऱ्याच्या परसात अर्धा तास बसलात तर शंभर प्रश्नांची उत्तरं न विचारता मिळतात.

आठवडी बाजार शेवटचा. बाजारातले सगळे लबाड असतात असं मुळीच नाही. पण वाडीत मर लागली की उरलेल्या कोंबड्या मरायच्या आत विकून टाकायच्या, ही पद्धत गावोगाव आहे. गरिबाची पुंजी असते ती, मी कुणाला दोष देत नाही. मात्र त्यामुळे बाजारात आलेल्या कोंबड्यांमध्ये रोगाच्या घरातून आलेल्या जास्त असतात. शिवाय दहा गावांच्या कोंबड्या एका डालग्यात, एका पाण्याच्या भांड्यावर. सकाळी निरोगी आलेली कोंबडी दुपारपर्यंत रोग घेऊन जाऊ शकते, आणि तिच्याकडे बघून ते कळणार नाही. उन्हाळ्यात, मार्च ते मे, मी बाजारातून कोंबडी घेतच नाही. सुरुवात करायला दिवाळीनंतरचे दिवस चांगले, पाऊस गेलेला असतो आणि ऊन चढलेलं नसतं.

कुठूनही घ्या, एक प्रश्न सरळ विचारा : का विकताय? अंडी कमी झाली, जागा नाही, पोराची फी भरायची आहे, अशी उत्तरं पटण्यासारखी असतात. पाठोपाठ विचारा की मागच्या महिन्यात घरातली किंवा वाडीतली कोंबडी मेली का, आणि लस कोणती, कधी दिली. उत्तर देताना माणूस कुठे बघतो, तेही बघा.

लांबून दहा मिनिटं

हात लावायच्या आधी लांब उभे राहा. आजारी कोंबडी माणूस जवळ आला की घाबरून तरतरीत दिसते, ही तिची निसर्गाने दिलेली युक्ती आहे. तुम्ही शांत राहिलात की पाच-दहा मिनिटांत सोंग गळतं. जी पिसं फुगवून, मान आत घेऊन डोळे मिटते, ती नको. बाकीच्या दाणे टिपत असताना जी नुसती उभी राहते, ती नको. श्वास घेताना शेपटी वर-खाली हलते का, चोच उघडी आहे का बघा. दुपारच्या उन्हात सगळ्याच धापा टाकतात, म्हणून सकाळीच जा. एक पाय पुढे, एक मागे असा पसरून बसणारी तलंग दिसली तर तो मरेक्स, म्हणजे पाय लुळे पाडणारा रोग, असू शकतो.

खालची विष्ठाही बघा. चांगली विष्ठा घट्ट, तपकिरी आणि वर पांढरी टोपी असलेली असते. हिरवी पाण्यासारखी, रक्त मिसळलेली किंवा चुन्यासारखी पांढरी दिसली तर त्या डालग्यातली एकही घेऊ नका. इथे एक चूक सगळे करतात : ‘ती आजारी आहे, पण ही चांगली दिसते, ही द्या.’ एका डालग्यातली एक आजारी म्हणजे सगळं डालगं आजारी धरायचं.

हातात घेऊन

दोन्ही पंख अंगाशी दाबून कोंबडी उचला आणि काखेत घ्या. उलटी लटकवू नका. मग डोक्यापासून सुरू करा.

डोळे गोल, उघडे आणि चमकदार हवेत. डोळ्यात फेस, कडेला चिकट पाणी, किंवा एका बाजूचा गाल सुजलेला असेल तर सर्दीचा रोग आहे. तो बरा झाला तरी पुष्कळ कोंबड्या आयुष्यभर तो पसरवत राहतात. नाकपुड्या हलक्या दाबून बघा, घाण पाणी आणि कुजका वास आला तर ठेवून द्या. तुरा अंड्यावरच्या कोंबडीचा लालभडक असतो, तलंगेचा फिकट गुलाबी, त्याची काळजी नको. निळसर-काळा तुरा मात्र वाईट, कडकनाथ सोडून. तुऱ्यावर किंवा पापणीवर काळ्या खपल्यांच्या गाठी म्हणजे देवीचा रोग. चोच उघडा. आत पिवळट चिकट थर नको.

आता कोंबडी कानाशी धरा. खरंच, तिची पाठ आपल्या कानाला टेकवा आणि श्वास ऐका. बाजारात गोंगाट असतो, म्हणून मी झाडामागे किंवा एखाद्या घराच्या पडवीत जाते. निरोगी कोंबडीचा श्वास जवळजवळ ऐकू येत नाही, फक्त छातीची भराभर चाललेली धडधड जाणवते. घरघर, शिट्टीसारखा आवाज किंवा ओल्या कापडातून हवा यावी तसा बुडबुडा ऐकू आला तर विकणाऱ्याने कितीही भाव उतरवला तरी घेऊ नका. ही घरघर मी पहिल्या वेळी ऐकलीच नव्हती, कारण कान लावायचा असतो हेच मला माहीत नव्हतं.

पुढे छातीचं हाड चाचपा. दोन्ही बाजूंना मांस हवं. हाड सुरीच्या पात्यासारखं बोटाला लागलं तर तिला बरेच दिवस अन्न लागलेलं नाही, बहुतेक जंत किंवा जुना आजार. गळ्याखालची अन्नाची पिशवी सकाळी मऊ असावी. ताठ, फुगलेली, आंबूस वासाची नको.

पंखाखालची आणि शेपटीखालची पिसं फुंकून दूर करा. उवा पिसांच्या मुळाशी पळताना दिसतात, आणि त्यांच्या अंड्यांचे पांढरे पुंजके चिकटलेले असतात. उवा बऱ्या करता येतात, त्यामुळे तेवढ्यासाठी चांगली कोंबडी सोडू नका, पण घरी नेल्यावर आधी उपाय करा. शेपटीखालचा भाग स्वच्छ आणि कोरडा हवा. तिथे विष्ठा वाळून पिसं चिकटली असतील तर हगवण आहे. त्याच जागी, खाली दोन बारीक हाडांची टोकं लागतात. त्यांत तुमची दोन-तीन बोटं बसली तर कोंबडी अंड्यावर आहे, एकच बोट बसलं तर अजून नाही किंवा बंद झाली आहे. ‘रोज अंडं देते’ या वाक्याची खात्री अशी करायची.

शेवटी पाय. खवले गुळगुळीत हवेत, खडबडीत, वर उचललेले खवले म्हणजे खवल्यांखाली किडे. तळव्यावर काळी खपली आणि सूज असेल तर कोंबडी लंगडणार.

एक दिवसाची पिल्लं घेत असाल तर कसोटी वेगळी आहे. पिल्लू तळहातावर उलटं ठेवा, चांगलं पिल्लू लगेच उठून उभं राहतं. बेंबी सुकलेली आणि बंद हवी. ओली, काळपट, वास येणारी बेंबी असलेलं पिल्लू आठवडाभरही टिकत नाही. मागचा भाग पांढऱ्या विष्ठेने बंद झालेली पिल्लं पुष्कळ असतील तर तो आईकडून अंड्यातून आलेला रोगही असू शकतो, तिथून काहीच घेऊ नका. मरेक्सची लस पहिल्याच दिवशी, उबवणी केंद्रातच दिली जाते. दिली का ते विचारा, नंतर ती संधी नसते.

पिल्लांना ऊब ही पहिली गरज. पहिल्या आठवड्यात ३५ अंश, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात : बल्बखाली एकावर एक चढली तर थंडी वाजते, कडेला जाऊन चोच उघडली तर उकडतंय, सगळीकडे पसरून झोपली तर बरोबर. पुठ्ठ्याचं गोल रिंगण करा, कोपरे ठेवू नका, कोपऱ्यात दाबून मरतात. खाली भाताचं तूस, पहिले काही दिवस त्यावर कागद.

घरी आणल्यावर तीन आठवडे

सगळं तपासून आणलेली कोंबडीसुद्धा सरळ खुराड्यात जाणार नाही. मानमोडीची लक्षणं लागण झाल्यावर साधारण पाच-सहा दिवसांनी दिसतात, कधी पंधरा दिवसही लागतात. म्हणून २१ दिवस त्या दुसऱ्या जागेत. शक्य असेल तर महिना.

आणलेलं पोतं जाळा, डालगं साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा. बाजारातल्या चपला खुराड्याकडे नेऊ नका, रोगाचे जंतू माणसाच्या पायानेही येतात. नव्यांची भांडी वेगळी. रोज आधी जुन्यांना दाणापाणी, मग नव्यांना, आणि मग हातपाय धुऊन घरात. उलटा क्रम एकदाही नको.

पाहुणा म्हणून आलेली कोंबडीही यातून सुटत नाही. आमच्याकडे राखणीसाठी, म्हणजे राखणदार देवाला द्यायला, आणलेला कोंबडा दोन दिवस घरच्या खुराड्यात राहतो आणि त्या दोन दिवसांत काम बिघडतं. त्याला वेगळ्या डालग्याखाली, लांब ठेवा. दुकानातून आणलेल्या कोंबडीची पिसं, आतडी, धुतलेलं पाणी परसात टाकू नका, कोंबड्या तेही टिपतात आणि त्यातूनही मानमोडी येते.

या तीन आठवड्यांत दोन कामं उरका. पहिलं जंताचं औषध, ते पशुवैद्यकाला विचारून वजनाप्रमाणे. दुसरं राखेचं स्नान. चुलीची राख आणि सुकी माती घमेल्यात ठेवली की उवा पुष्कळ कमी होतात.

लस

पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, ही मानमोडीची लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो रोगाची लस. अठ्ठाविसाव्या दिवशी लासोटा पुन्हा. सहा ते आठ आठवड्यांनी देवीची लस, पंखाच्या पातळ कातडीत टोचून. आठ ते दहा आठवड्यांनी आर-टू-बी, ही टोचून देतात आणि मानमोडीपासून मोठा आधार हिचाच. आठ आठवड्यांच्या आत ती देऊ नये.

अडचण अशी की लसीची कुपी किमान १०० पक्ष्यांची असते आणि आपल्याकडे १०. एकदा पातळ केलेली लस दोन तासांत संपवावी लागते. यावर आमच्या वाडीने काढलेला मार्ग सोपा आहे. एकाच सकाळी सगळ्या घरांतल्या कोंबड्या खुराड्यातून सोडायच्या आधी लस, खर्च वाटून. दवाखान्यातून आणताना थर्मासमध्ये बर्फ हवा, लस तापली की ते नुसतं पाणी. आजारी कोंबडीला लस देऊन ती बरी होत नाही. आणि लस दिल्यावर अंगात ताकद यायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून उन्हाळ्याच्या आधी, जानेवारी-फेब्रुवारीत, हे काम झालेलं बरं.

खाणं आणि पाऊस

मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या निम्म्याहून जास्त पोट स्वतः भरतात. संध्याकाळी एकीला मूठभर, ३० ते ५० ग्रॅम, कणी, भाताचा कोंडा, मका किंवा ज्वारी पुरते, आणि त्याच आमिषाने त्या खुराड्याकडे परततात. अंड्यावरच्या कोंबडीला शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. बुरशी आलेला मका जनावराला नको तर कोंबडीला चालेल असं समजू नका, ती बुरशी यकृत खाते.

जूननंतर कोकणात तूस दोन दिवसांत ओलं होतं, आणि ओल्या तुसातच रक्ती हगवणीचे जंतू तयार होतात. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना ती झपाट्याने मारते. पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं तूस रोज उचला, नवं पसरा, अधूनमधून थोडा चुना टाका. विष्ठेत रक्त दिसताच त्याच दिवशी दवाखाना गाठा, हिचं औषध पाण्यातून देता येतं आणि वेळेत दिलं तर गुण येतो.

मर लागलीच तर

एका दिवसात दोन-तीन गेल्या तर पहिलं काम : बाकीच्या कोंडा, कुणाला देऊ नका, विकू नका, कापू नका. दवाखान्याला किंवा १९६२ या पशुवैद्यकीय सेवेच्या क्रमांकाला कळवा. नंदुरबारच्या नवापूरमध्ये फेब्रुवारी २००६ मध्ये देशातली बर्ड फ्लूची पहिली साथ सापडली होती, त्यामुळे हा आजार आपल्या राज्याला नवा नाही. काळे-निळे तुरे, सुजलेली डोकी आणि धडाधड मर दिसली तर मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका. तपासणीनंतर खड्डा तीन-चार फूट खोल, वर चुना, वर माती. ओढ्यात किंवा रस्त्याकडेला टाकलेली कोंबडी कुत्रे आणि कावळे पुढच्या वाडीत पोचवतात. खुराडं झाडून, जाळून घेण्यासारखं जाळून, कळीच्या चुन्याने रंगवा आणि निदान महिनाभर रिकामं ठेवा.

मिसळताना

एकविसावा दिवस सुखरूप गेला की मी एकदम सगळ्या मिसळत नाही. जुन्यांतली एक धट्टीकट्टी कोंबडी आधी नव्यांत नेऊन ठेवते, आठवडाभर. नव्या कोंबड्या स्वतः ठणठणीत दिसत असूनही रोग बाळगून असतील तर ती एकटी पडेल, सगळा कळप पडणार नाही. कठोर वाटतं, मलाही वाटतं, पण १७ कोंबड्या पुरल्यानंतर मी ही पद्धत सोडलेली नाही.

आठवडा नीट गेला की अंधार पडल्यावर नव्या एकेक उचलून जुन्यांच्या शेजारी काठीवर बसवा. कोंबड्यांना रात्री दिसत नाही, त्यामुळे भांडण होत नाही. सकाळी दाणे एकाच जागी न टाकता तीन-चार ठिकाणी पसरा, पाण्याचं एक भांडं वाढवा. दोन-चार दिवस टोचाटोची होईल. रक्त निघालेली दिसली तर तेवढी बाजूला काढून जखमेवर हळद लावा, कारण लाल रंग दिसला की बाकीच्याही तिथेच टोचतात. साधारण आठवड्याने कोण आधी दाण्यावर जाणार ते त्यांचं ठरतं, आणि संध्याकाळी सगळ्या एकाच काठीवर अंग घासून बसलेल्या दिसतात.